अळंबीचे बी

आषाढातली भातलावणी उरकत आली आणि चार दिवसांच्या झडीनंतर मधूनच ऊन डोकावले, की कर्जतच्या बाजारात, कशेळ्याच्या नाक्यावर, खालापूर तालुक्यात चौकच्या रस्त्याकडेला ठाकूर आणि कातकरी बायकांच्या पाट्यांत एक नवा माल दिसू लागतो. जूनमध्ये याच पाट्यांत शेवळं असतात. मग टाकळा येतो, कुरडू येते, भारंगी येते. आणि एखाद्या सकाळी रानातल्या रुंद पानांवर मांडलेले अळंबीचे छोटे छोटे वाटे दिसतात. मातकट दांडे, पांढरट-करड्या टोप्या आणि टोपीच्या मध्यावर भाल्याच्या टोकासारखा एक उंचवटा. नऊ वाजता गेलात तर घासाघीस करता येते, अकराला गेलात तर नुसती पाने उरलेली असतात.

या पाटीतल्या इतर प्रत्येक भाजीचे बी मी मुलांना दाखवू शकत असे. माझी सारी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. टाकळ्याच्या शेंगा चुरगाळल्या की बी हातात येते, कुरडूचे काळे चकचकीत बी तर तळहातावर सांडते. पण अळंबीचे बी कुठे असते, असे एखाद्या मुलाने विचारले, की फळ्यावर चित्र काढून भागत नसे. त्यासाठी कपाटातला सूक्ष्मदर्शक बाहेर काढावा लागे. त्या निमित्ताने लागलेला हा छंद निवृत्तीनंतरही सुटलेला नाही. पाऊस सुरू झाला की माझ्या टेबलावर कागद, काचेचे पेले आणि काचपट्ट्यांचा पसारा मांडलेला असतो.

आपल्याकडे समजूत अशी, की वीज कडाडली की जमिनीतून अळंबी वर येते. ही समजूत केवळ आपली नाही. प्राचीन ग्रीक आणि रोमन लोकही असेच मानत. जी वस्तू रात्रीत उगवते आणि दोन दिवसांत कुजून जाते, जिला पान नाही, फूल नाही, तिच्याविषयी माणसाने दुसरे काय मानावे? अळंबीकडे संशयाने पाहण्याची आपली परंपराही जुनीच. मनुस्मृतीत लसूण-कांद्याच्या पंगतीला बसवून द्विजांना जे वर्ज्य ठरवले, त्यात ‘कवक’ आहे. आजही आपल्या कित्येक घरांत अळंबी उंबरठा ओलांडत नाही. आपण या सगळ्या कुळाला ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून मोकळे झालो. तेच ‘कवक’ पुढे शास्त्राने उचलले आणि बुरशीच्या अभ्यासाला कवकशास्त्र हे नाव मिळाले.

अळंबीला बी असते, हे युरोपातही फार उशिरा कळले. रॉबर्ट हूकने १६६५ साली सूक्ष्मदर्शकातून बुरशी पाहिली आणि तिचे सुरेख चित्र काढले, पण ती बियांवाचूनच उगवते असे त्याला वाटले. १७२९ साली फ्लॉरेन्सच्या पिएर आंतोनिओ मिकेली या वनस्पतिशास्त्रज्ञाने बुरशीची धूळ खरबुजाच्या कापलेल्या फोडींवर पेरली. जी धूळ पेरली, तीच बुरशी उगवली. ही धूळ म्हणजे बी, असे त्याने सांगितले. आज आपण तिला बीजाणू म्हणतो.

हे बीजाणू पाहायचे तर आधी गोळा करावे लागतात, आणि ते काम इतके सोपे आहे की घरातले सात वर्षांचे मूलही करू शकेल. पूर्ण उमललेल्या अळंबीची टोपी दांड्यापासून कापून वेगळी करायची. निम्मा पांढरा आणि निम्मा काळा कागद घ्यायचा. टोपीखाली वहीच्या पानांसारखे जे पातळ पडदे असतात ते खाली येतील अशी ती टोपी कागदावर ठेवायची आणि वर पेला उपडा घालायचा. सकाळी टोपी अलगद उचलली, की कागदावर चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी उमटलेली दिसते. ही बीजाणूंची छाप. दोन रंगांचा कागद यासाठी, की पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे रात्रभराऐवजी दोन रात्री ठेवले तर त्या टोपीवरच दुसरी बुरशी चढते.

वारुळावर उगवणाऱ्या आमच्या अळंबीची छाप फिकट गुलाबी पडते. दुधात रूह अफजाचे दोनच थेंब टाकावेत, तसा रंग. त्यातली चिमूटभर नव्हे, तर सुईच्या टोकावर राहील एवढीच धूळ काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात मिसळायची, वर कव्हर स्लिप ठेवायची आणि भिंगाखाली सरकवायची. शंभर पट मोठे करून पाहिले तर नुसती भुकटी दिसते. चारशे पटीला त्या भुकटीचे दाणे सुटे होतात. हजार पटीचे, तेलाचे भिंग लावले की गुळगुळीत, पातळ कवचाचे, काहीसे लांबट दाणे स्पष्ट दिसतात. जणू आंबेमोहोराचे तांदूळच. एकेक दाणा सात-आठ मायक्रॉन लांब आणि चार-पाच मायक्रॉन रुंद. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. आपल्या पट्टीवरच्या एका मिलीमीटरात असे सव्वाशे दाणे ओळीने मावतील. दाण्याच्या एका टोकाला, थोडे बाजूला, एक बारीकसे टोक असते. तिथे तो आपल्या आईला चिकटलेला असतो.

त्या बारीक टोकाशी एक अजब यंत्र आहे. ब्युलर नावाच्या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते बारकाईने पाहिले. बीजाणू पिकला की त्या टोकापाशी पाण्याचा एक थेंब जमतो आणि वाढत जातो. बीजाणूच्या अंगावरही पाण्याचा पातळ थर असतो. थेंब फुगून त्या थराला भिडला, की दोन्ही पाणी क्षणात एक होते आणि त्या हिसक्याने बीजाणू उडतो. उडतो किती? मिलीमीटरच्याही एका अंशाएवढा. पण तेवढेच हवे असते. त्याहून जास्त उडाला तर तो समोरच्या पडद्याला चिकटेल, कमी उडाला तर स्वतःच्याच पडद्यावर पडेल. दोन पडद्यांच्या बरोबर मधल्या बोळात येऊन तो सरळ खाली घसरतो आणि वाऱ्यावर स्वार होतो. एका चांगल्या वाढलेल्या अळंबीतून असे बीजाणू अब्जांच्या संख्येने बाहेर पडतात. हवेत दमटपणा नसेल तर हा थेंब जमत नाही. अळंबीला पावसाळाच का लागतो, याच्या उत्तराचा एक भाग या थेंबात आहे.

छापेचा रंग ही केवळ गंमत नव्हे. पावसाळ्यात हिरवळीवर, बंगल्यांच्या बागांत, शाळेच्या मैदानावर मोठाल्या पांढऱ्या छत्र्यांची एक जात उगवते. शास्त्रीय नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. जगभरच्या उष्ण प्रदेशांत ती आढळते आणि अळंबीच्या विषबाधेत तिचे नाव वारंवार येते. कोवळी असताना तिचे पडदेही पांढरेच असतात, म्हणून फसगत होते. पण छाप घेतली की ती हिरवट उमटते आणि भिंगाखाली बीजाणू जाड कवचाचे, मोठे, एका टोकाला छाटल्यासारखे दिसतात. ही खाल्ली तर तीनेक तासांच्या आत उलट्या-जुलाब सुरू होतात. लहान मुलाच्या अंगातले पाणी त्याने किती वेगाने कमी होते, हे सांगायला नको.

त्याहून भयंकर आहेत अमानिता कुळातल्या काही जाती. त्यांची छाप पांढरी. त्यांचे विष शिजवून जात नाही आणि त्रासही लगेच होत नाही. सहा-बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा उलट्या-जुलाब होतात. मग एखादा दिवस माणूस बरा वाटतो आणि आतून यकृत निकामी होत जाते. आसामात २००८ साली वसंत ऋतूत अशा रानअळंबीने अनेकांचे प्राण घेतले. म्हणून घरोघर सांगितल्या जाणाऱ्या परीक्षा आज सोडूनच द्यायला हव्यात. चांदीचा चमचा काळा पडला नाही, लसूण काळी पडली नाही, किड्याने खाल्लेली आहे म्हणजे आपल्यालाही चालेल, यातली एकही परीक्षा खरी नाही. गोगलगायीला जे पचते ते आपल्याला पचेल असे नाही. सूक्ष्मदर्शक घरी असला म्हणून खाण्याचा परवाना मिळतो, असेही कोणी समजू नये. बीजाणू हा ओळखीचा एक पुरावा आहे, एकमेव नव्हे. न ओळखणाऱ्याने रानातली अळंबी तोडून खाऊच नये. खाल्ल्यावर त्रास झालाच तर उरलेली अळंबी पिशवीत घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे.

मग कशेळ्याच्या नाक्यावर बसणारी बाई कशी ओळखते? तिची खूण टोपीत नसते, जमिनीत असते. ती अळंबी ओढत नाही, काठीने माती उकरते. दांडा जमिनीखाली निमुळता होत खोल खोल जातो, कधी हातभर. ती म्हणते, “गुरजी, जिची मुळी वारुळात जाते तीच आपली.” या एका वाक्यात जे आहे, ते जुळवायला शास्त्राला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

तमिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत योहान गेरहार्ड क्योनिग नावाचा वैद्य होता, लिनियसचा शिष्य. तंजावर भागातल्या वाळवीवर त्याने १७७९ साली लिहिले आणि वारुळाच्या पोटातल्या बुरशीची नोंद केली. सिलोनमध्ये पेच या शास्त्रज्ञाने १९०६ साली वारुळांतल्या बुरशींवर सविस्तर लिहिले. आणि १९४२ साली फ्रान्सच्या रॉजर हाइम यांनी या सगळ्या अळंब्यांचे वेगळे कूळ मानून त्याला टर्मिटोमायसिस हे नाव दिले. त्याचा अर्थ सरळ आहे: वाळवीची बुरशी. आपल्याकडची एक जात मद्रासच्या नटराजन यांनी १९७९ साली वर्णिली आणि हाइम यांच्या सन्मानार्थ तिला टर्मिटोमायसिस हाइमी म्हटले. या कुळात सारे आकार आहेत. आफ्रिकेत झांबियात जिची छत्री मीटरभर रुंद होते ती याच कुळातली. पहिल्या पावसानंतर जमिनीवर पोहे सांडल्यासारख्या शेकड्यांनी उगवणाऱ्या इवल्या पांढऱ्या टोप्याही याच कुळातल्या. विदर्भात टेकोडे, सात्या म्हणून आणि गोव्यात अळमी म्हणून लोक जे आवडीने खातात, त्यातही हे कूळ मानाचे.

वारुळाच्या आत शेती चालते. वाळवीचे कामकरी वाळके गवत, पाचोळा, लाकूड खातात. त्यातला लाकडाचा कठीण भाग त्यांना नीट पचत नाही. म्हणून अर्धवट पचलेला तो माल ते आत नेऊन रचतात. मधाच्या पोळ्यासारखी किंवा स्पंजसारखी त्याची रचना असते. त्यावर बुरशी वाढते, लाकूड मऊ करते आणि साबुदाण्यासारखे पांढरे मणी धरते. वाळवी ते मणी खाते आणि जुने झालेले पोळेही खाते. वाळवीच्या ज्या शाखेने ही शेती सुरू केली तिला सुमारे तीन कोटी वर्षे झाली असावीत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आपली भातशेती त्यापुढे कालची म्हणायची.

आता प्रश्न असा, की नव्या वारुळात हे बियाणे जाते कसे? जूनच्या पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाली वाळवी घोंघावते, पंख झडून ताटात पडतात, आपण दिवा मालवतो. ते नवे राजे-राण्या. वाळवीच्या काही जातींत ही मंडळी निघताना बुरशी बरोबर घेतात. पण आपल्याकडे वारुळे बांधणारी जी ओडोन्टोटर्मिस वाळवी आहे, ती रिकाम्या हाताने निघते. राणी जमिनीत शिरते, अंडी घालते, पहिले कामकरी तयार व्हायला काही आठवडे जातात. ते प्रथमच अन्न शोधायला बाहेर पडतात, तो काळ आणि जुन्या वारुळांवर अळंबी उमलून तिची गुलाबी धूळ पाचोळ्यावर पसरण्याचा काळ साधारण जुळतो. पाचोळ्याबरोबर बीजाणू पोटात जातात आणि नव्या घरात शेती सुरू होते. तिथेही एका बीजाणूने काम भागत नाही. दोन वेगळ्या बीजाणूंचे धागे जुळले, तरच पुढे अळंबी धरणारी बुरशी तयार होते. स्थळ जुळावे लागते, ते इथेही.

माणसाला ही शेती विक्रीजोगी साधलेली नाही. बटन आणि धिंगरी आपण पोत्या-पेंढ्यावर वाढवतो, पण टर्मिटोमायसिसची बाजारासाठी लागवड अजून कोणाला जमलेली नाही. म्हणजे नाक्यावरचा प्रत्येक वाटा रानातूनच आलेला असतो.

आता बाजारात भाव कोणाला? कळीला. उमललेली अळंबी चिवट होते, तुटते, लवकर काळी पडते. मिटलेली टोपी मऊ, गाडीतून मुंबईपर्यंत टिकणारी. मी मुलांसमोर तीन पेले मांडतो. एकाखाली मिटलेली कळी, एकाखाली अर्धी उमललेली, एकाखाली पूर्ण उघडलेली. सकाळी कळीखालचा कागद कोरा असतो. दुसऱ्यावर पुसटशी रेघ. तिसऱ्यावर गुलाबी चाक. तिन्ही कागद भिंतीवर लावले, की फार बोलावे लागत नाही. मुले आपणहून म्हणतात, “सर, मग सगळ्या कळ्याच काढल्या तर?”

याचे उत्तर सरधोपट देता येत नाही. स्वित्झर्लंडमधल्या एका राखीव जंगलात १९७५पासून २००३पर्यंत, तब्बल २९ वर्षे, अळंबी तोडण्याचा परिणाम मोजला गेला. तोडल्याने पुढचे पीक घटले नाही, मात्र जमीन पायांखाली तुडवली गेली की घटले. पण तिथल्या अळंब्या झाडांच्या मुळांशी किंवा पाचोळ्यावर जगणाऱ्या. आमच्या अळंबीचे बीजाणू वाळवीच्या नव्या घराची वाट पाहत असतात, ती गोष्ट निराळी. गोवा विद्यापीठाचे डॉ. नंदकुमार कामत यांनी या कुळावर वर्षानुवर्षे काम केले आणि अळमीच्या बेसुमार तोडीविरुद्ध लोकांना सतत सावध केले. वाडीवरच्या एका आजींना मी तोच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “दोन उमलू द्यायची. समदी काढली तं वारूळ रुसतं.” रुसणे म्हणजे काय, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही समजावले नाही. माझ्या भिंतीवरचे तीन कागद तेच सांगतात.

पण खरे संकट कळी खुडणाऱ्या हाताचे नाही. त्या बाईचे चार महिन्यांचे तेल-मीठ त्या वाट्यांवर चालते. वारूळ कुठे आहे, कोणत्या आठवड्यात फुटते, हे तिला आजीपासून ठाऊक असते. संकट वारुळाचेच आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कर्जत आणि खालापूर तालुक्यांत फार्महाउस आणि बंगल्यांचे प्लॉट वाढत गेले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण खुला झाला आणि शहर आणखी जवळ आले. माथेरानच्या परिसराला २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचे संरक्षण मिळाले, पण वारुळे नकाशावर कोणी मांडत नाही. प्लॉट घेतल्यावर पहिला येतो तो जेसीबी, आणि तो पहिल्यांदा सपाट करतो ते वारूळ. वाळवी म्हणजे घराचा शत्रू, या भीतीने उरल्यासुरल्या जागेवर औषधही ओतले जाते. बांधावरच्या, माळावरच्या वारुळातली वाळवी पाचोळ्याची माती करते, हे तेव्हा आठवत नाही. मग तिथे हिरवळ लावली जाते, आणि त्या हिरवळीवर उगवते ती हिरव्या छापेची विषारी छत्री. खाण्याजोगी गेली आणि न खाण्याजोगी आली, एवढा हा हिशेब आहे.

गंमत अशी, की वारुळाला हात जोडणारी माणसेही आपणच. नागपंचमी येते ती नेमकी अळंबीच्या दिवसांत. नाग वारूळ बांधत नाही, तो वाळवीच्या घरात भाडे न देता राहतो. पण त्याच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या वारुळाला दूध, लाह्या, हळदकुंकू मिळाले आणि कुदळ मात्र लागली नाही. सिंधुदुर्गात आणि गोव्यात तर सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपात होते. ज्यांनी ही प्रथा पाडली त्यांना बुरशीचे पोळे किंवा बीजाणू ठाऊक नव्हते. मोडू नये एवढे कळत होते, आणि तेवढे पुरत होते.

कळण्याचे काम आता आपले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत वाळवलेल्या बुरशींचा अजरेकरांच्या नावाने जपलेला संग्रह आहे, जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रहही तिथेच आहे. पण घरातल्या मुलांना तेवढ्या लांब जायची गरज नाही. मनू प्रकाश यांनी २०१४ साली जगापुढे आणलेला कागदी सूक्ष्मदर्शक, फोल्डस्कोप, वस्तू सुमारे एकशेचाळीस पट मोठी दाखवतो. बीजाणू त्यात ठिपक्यांएवढेच दिसतात, पण दिसतात. रानातली अळंबी नको, बाजारातली उमललेली धिंगरी आणा. पेल्याखाली रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर पांढरट-जांभळट पंखा उमटेल. मुलांना सांगा, हे अळंबीचे बी.

आणि कर्जत-खालापूरकडे ज्यांनी जागा घेतली आहे, किंवा घ्यायच्या विचारात आहेत, त्यांना एकच विनंती. जेसीबीवाल्याला प्लॉटचे चार कोपरे दाखवाल, तेव्हा कडेचे वारूळही दाखवा आणि त्याच्याभोवती चार दगड मांडून ठेवा. श्रावणाच्या सुमारास तिथे अळंबी उगवलीच, तर शेजारच्या वाडीवरच्या बाईला हाक मारा. ती ओळखून काढील, तिचे पैसे तिला द्या. दोन मात्र उमलू द्या.